बाहेरची कडी

कोयंड्याचा पहिला खिळा निघाला तेव्हा तिचं वाक्य अर्ध्यावर होतं. बाहेरून कोणीतरी पक्कड लावून दाराला हिसके देत होतं आणि प्रत्येक हिसक्याला टेबलावरची दौत हलत होती. तिने आधी दौत उचलून खिडकीत ठेवली, लेखणीचं टोक फडक्याला पुसलं आणि मग विचारलं,

"कोण आहे?"

"मी आहे, छकू. घाबरू नकोस."

"दादा?"

"दारापासून लांब उभी राहा."

"अरे, कुलूप नाहीये. नुसती कडी आहे, सरकव ना ती."

बाहेर पक्कड थांबली. दादा सुतार होता. कडी कशी उघडते हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"ते दिसतंय मला," तो म्हणाला. "पण सरकवली तर उद्या परत लागेल. उपटली म्हणजे प्रश्न मिटला."

उरलेले खिळे निघाले, शेवटच्याबरोबर लाकडाची एक कपची उडाली आणि दार उघडलं. बाहेर दादा उभा होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात कडी-कोयंडा. त्याच्यामागे सासूबाई ओले हात तसेच धरून उभ्या होत्या. त्यांच्यामागे कडेवर पोर घेतलेली नणंद. आणि रस्त्याकडच्या दारात, कोणी बोलावलेलं नसताना, समोरची शिंपीणबाई. तिच्या तोंडात नेहमीसारख्या टाचण्या होत्या. टाचण्या तोंडात धरूनही तिला सगळं बोलता यायचं, आणि त्याचा गल्लीतल्या बऱ्याच जणांनी अनुभव घेतला होता.

दादाने खोली पाहिली. पाहायला फार नव्हतंच. पूर्वीची ती अडगळीची खोली. एक टेबल, एक खुर्ची, टाचा उंच केल्या तरच बाहेरचं दिसेल अशी खिडकी, आणि कोपऱ्यात कोणी कधीच न हलवलेलं एक रिकामं पिंप. त्याने कागद पाहिले, खुर्चीची ढिली झालेली पाठ हाताने हलवून पाहिली, आणि त्याचे डोळे भरून आले. बाप गेला त्या दिवशीही जो माणूस फळ्या तासत बसला होता त्याच्या डोळ्यांत पाणी बघून ती एवढी गोंधळली की तोंडाशी आलेलं वाक्य तिने गिळलं. 'तुला कोणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला,' असं ते वाक्य होतं.

"सामान घे," दादा म्हणाला. "गाडी दुपारची आहे."

आता खरं सांगायचं तर ती कडी तिचीच होती.

लग्न होऊन आली तेव्हा तिने जिन्याच्या पायरीवर बसून एक गोष्ट लिहिली होती. नवऱ्याचा छापखाना होता, त्याचं एक साप्ताहिक होतं, आणि साप्ताहिकात पानं भरायची मारामार होती. त्याने ती गोष्ट छापली. लोकांनी आणखी मागितली. पण आणखी लिहायची कुठे आणि कधी? लेखणी हातात घेतली की दूध उतू जायचं, पोर रडायचं, कोणीतरी यायचं, कोणाला तरी निघायचं असायचं. 'मला लिहायचंय' असं सुनेने म्हटलं की घर हसतं. 'नवऱ्याने बसवलंय' म्हटलं की तेच घर गप्प होतं. हे तिच्या फार लवकर लक्षात आलं. एका सकाळी तीच नवऱ्याला म्हणाली, "मला त्या अडगळीच्या खोलीत कोंडा आणि बाहेरून कडी लावून जा."

"लोक काय म्हणतील?"

"लोक तुम्हाला कडक म्हणतील."

नवऱ्याला आजवर कोणीही कडक म्हटलं नव्हतं. छापखान्यात अक्षरं जुळवणारे त्याच्या देखत डुलक्या काढायचे. त्याची नखं लग्नापर्यंत आईने कापली होती. पहिल्या दिवशी कडी लावून तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत येऊन, दाराला तोंड लावून विचारू लागला, "अगं, गुदमरत नाहीस ना?" पण पुढे पुढे त्याची चाल बदलली. न्हाव्याच्या दुकानात लोक सरकून त्याला जागा देऊ लागले. बायकोला कोंडून लिहून घेतो ही ख्याती साप्ताहिकालाही मानवली. गल्ली हळहळायची आणि अंक वाचायची. आणि ती आतमध्ये, कडी लागल्याचा आवाज झाला की एक लांब श्वास सोडायची. त्या घरातला तेवढाच एक आवाज तिला मनापासून आवडायचा.

हे दादाला सांगायचं कसं? सासूबाई समोर उभ्या. कडी सुनेनेच मागून घेतली हे त्यांना कळलं की कडी गेली आणि खोलीही गेली. नवऱ्याने कोंडलं म्हणावं, तर दादा हाताला धरून घेऊन जाणार. दादाच्या घरी वहिनी, पोरांची पलटण, रंधा, भुसा आणि सगळ्यांत मिळून एक खोली. तिथे लिहिणं सोडा, पाठ टेकायची पंचाईत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध तिला वाचवायला आलेला सख्खा भाऊ.

"बोल छकू. यांना भिऊ नकोस."

"दादा, मला इथे बरं आहे रे."

"ऐकलंत?" शिंपीणबाई नणंदेला म्हणाली. "बोलायचीसुद्धा चोरी."

"मला काय अडाणी समजतेस?" दादा म्हणाला. "मी वाचतो तुझं. एक अंक चुकवत नाही. तुझ्या कादंबरीतली ती बाई रोज चपला घालून मागच्या दारात उभी राहते आणि चपला काढून परत आत येते. मागच्या अंकात तर रडली. तुझी वहिनी म्हणाली, अहो, ही आपली छकूच. जा, घेऊन या तिला."

"अरे, ती गोष्ट आहे."

"गोष्ट काय आकाशातून पडते?"

सासूबाईंनी हात पुसले आणि एवढंच म्हणाल्या, "लांबून आलात. जेवून जा."

दादा जेवला नाही. त्याने तिची मनधरणी केली, मग चिडला, मग पुन्हा मऊ झाला. पिंजऱ्यातलं पाखरू पिंजऱ्याला सोकावलंय अशी त्याची खात्री झाली. तरी जाताना त्याने चौकटीतली खिळ्यांची भोकं लाकडाच्या बारीक खुंट्या ठोकून बुजवली आणि वरून हात फिरवून पाहिला, कारण अर्धवट काम टाकून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. खुर्चीची पाठही घट्ट करून दिली. मग कडी पिशवीत टाकली.

"परत लागली असं कानावर आलं तर दारच उचलून नेईन," तो रस्त्यातून म्हणाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

भीक नको पण कुत्रा आवर, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. माणूस उपाशीपोटी परत गेला होता.

नवरा घरी पोचेपर्यंत गल्लीने त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने दारावरच्या बुजवलेल्या भोकांवरून अंगठा फिरवला.

"काम चांगलं केलंय," तो म्हणाला.

"दुसरी कडी आणा."

"आणि तुझा दादा आला तर?"

"दादा काय रोज येणार आहे?"

"शिंपीण रोज आहे ना समोर." त्याने टोपी खुंटीला अडकवली. "आज न्हाव्याकडे मला कोणी सरकून जागा दिली नाही. कालपर्यंत मी कडक होतो, आता राक्षस झालोय. थोडे दिवस जाऊ देत. तू अशीच लिही ना. दार लोटून घे."

"शेवटचं प्रकरण आहे हो."

"शेवट काहीही कर," नवरा म्हणाला, "पण अंकाच्या आधी कर. पान मोकळं ठेवलंय."

लोटलेलं दार म्हणजे काय हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. लोटलेलं दार म्हणजे उघडं दार. आधी नणंद आली. "वहिनी, जरा याच्याकडे बघ गं," म्हणून पोर टेबलावर ठेवून गेली आणि पोराने दौतीत मूठ घातली. मग पिंप न्यायला माणूस आला. इतकी वर्षं जे कोणाला नको होतं ते पिंप नेमकं त्याच दिवशी हवं झालं. पिंपाची जागा मोकळी झाली म्हणून तिथे ओले कपडे वाळत घालायला दोरी बांधली गेली. शिंपीणबाई अभिनंदन करायला आली ती दादाने घट्ट केलेल्या खुर्चीत बसली, आणि आपला मेलेला नवरा किती कडक होता ते संध्याकाळपर्यंत सांगत राहिली. "बाई, सुटलीस हो," म्हणताना तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सगळेच तिच्यावर माया करत होते. सुटलेल्या माणसाला वेळच वेळ असतो अशी सगळ्यांची समजूत होती.

तिने पहाटे उठून पाहिलं, तर सासूबाई आधीच उठलेल्या. कपडे धुताना मनात वाक्यं जुळवून पाहिली, तर दोरीपाशी पोचेपर्यंत त्यांतलं एकही जागेवर राहायचं नाही. तिला दादाचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त राग त्या बाईचा आला जिला तिने मागच्या अंकात दारात रडत उभं करून ठेवलं होतं. ती बाई जाणार होती. हे तिला पहिल्या प्रकरणापासून माहीत होतं. त्या एका पावलासाठी तिने अख्खी कादंबरी लिहिली होती, आणि ते पाऊल लिहायला तिला एक बंद दार मिळत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तक्रार करावी तर कोणाकडे, आणि काय म्हणून? मला कोंडत नाहीत हो, म्हणून?

एका दुपारी ती एका हाताने पोराला थोपटत, दुसऱ्या हातात कोरडी लेखणी धरून बसली होती, तेव्हा सासूबाई आत आल्या. त्यांनी पोर उचललं, दोरीवरचे कपडे काखेत मारले आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं. मग फरशीवरून लाकूड ओढत आणल्याचा आवाज आला. ते स्वयंपाकघरातलं स्टूल होतं. दाराला ते बाहेरून टेकलं, त्यावर सासूबाई बसल्या, आणि त्यांच्या वजनाने दार चौकटीत घट्ट बसलं.

"आई, वहिनीकडे जरा..." नणंदेचा आवाज आला.

"नंतर."

"अगं पण..."

"ती लिहितेय. होईपर्यंत कोणी आत जायचं नाही. आणि तुझं पोर तू सांभाळ."

थोड्या वेळाने रस्त्याकडून शिंपीणबाई आली असावी. "अय्या, आता तुम्ही कोंडता की काय सुनेला?"

"हो," सासूबाई म्हणाल्या. "सांग जाऊन सगळ्यांना."

ती आत थिजून बसली. लग्नापासून सासूबाईंनी तिच्या लिहिण्याबद्दल चांगला-वाईट एक शब्द काढला नव्हता. त्यांना वाचता येत नव्हतं. अंक घरी आला की त्या तो फळीवर अंथरायला घ्यायच्या आणि वर बरण्या ठेवायच्या. मग हे काय आणि कशासाठी? पण उपाशी माणूस ताट कोणी वाढलं ते विचारत नाही. तिने लेखणी बुडवली.

त्या दुपारी आणि पुढच्या दोन्ही दुपारी तिने भराभर लिहिलं. बाहेर सुरी बटाट्यावर फिरत होती, सालं बादलीत पडत होती, कोणी आलंच तर सासूबाई एका शब्दात वाटेला लावत होत्या. कडीपेक्षा सासूबाई बऱ्या, असं तिला वाटायला लागलं. कडी काय, कोणीही सरकवू शकत होतं. कादंबरीतली बाई सगळ्यांचं आवरून मागच्या दाराशी आली. तिने चपला घातल्या. उद्या सकाळी पान छापायला जायचं होतं, आणि आता फक्त ते पाऊल उरलं होतं. तिने लेखणी खाली ठेवून बोटं मोडली.

"थांबलीस का?" सासूबाईंनी दाराआडून विचारलं.

"काय, आई?"

"तिने चपला घातल्या आणि तू थांबलीस. पुढे काय?"

ती दाराकडे बघत राहिली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणजे? तू बोलतेस की."

"मी बोलते?"

"लिहिताना एकेक वाक्य बोलतेस. पहिल्यापासून. तुला माहीत नाही?"

तिला माहीत नव्हतं. बंद खोलीत कोण सांगणार? तिचे कान तापले. कादंबरीतली सासू, कादंबरीतला मऊ हनुवटीचा नवरा, दोघांबद्दल जे जे लिहिलं ते ते तिला आठवलं. आणि जे लिहून खोडलं होतं, छापखान्यापर्यंत पोचूच दिलं नव्हतं, तेही.

"म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंत?"

"कडी होती तेव्हाही मी इथेच बसायचे. बटाटे काय स्वयंपाकघरात सोलता येत नाहीत? आणि कडी तू मागून घेतलीस तेही त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं मला. त्याच्या पोटात काही राहत नाही."

तिने डोळे मिटून घेतले. अख्ख्या घरात ज्या एका खोलीत आपण एकट्या असतो असं ती समजत होती, तिथे ती एक दिवसही एकटी नव्हती. तिला रडू यायला लागलं आणि ते सासूबाईंना ऐकू जाईल म्हणून तिने ते दाबलं.

"रागावलात का, आई?"

"कशाला? छान सांगतेस." साल बादलीत पडल्याचा आवाज आला. "चपला घालून दारात उभं राहायचं ते माझ्यावरून घेतलंस."

हे मात्र खरं होतं. पहिल्या वर्षीच्या एका दुपारी तिने जिन्यावरून पाहिलं होतं. सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या, पायात चपला, हातात पिशवी नाही, काही नाही. एक हात चौकटीवर. गल्ली रिकामी होती. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि आत येऊन विचारलं, संध्याकाळी काय करायचं गं? पायरीवर लिहिलेली तिची पहिली गोष्ट ती होती. त्यानंतरची प्रत्येक गोष्ट त्याच दारातून आली होती.

"हो," ती म्हणाली. "जिन्यावरून पाहिलं होतं."

"जिन्यावर तू असायचीस, ते नाही आलं माझ्या लक्षात." सुरी पुन्हा बटाट्यावर फिरली. "मग ऐक. तिला जाऊ देऊ नकोस."

"आई, ती जाणार आहे. म्हणून तर..."

"कुठे जाणार? मी राहिलेच ना? पोरं वाढवली, आल्यागेल्याचं केलं, दुखणीखुपणी काढली. आता तू तिला घालवलीस तर ती शहाणी ठरली. मग मी कोण, वेडी?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "गल्लीला माहीत नसेल ती कोण. मला माहीत आहे ना."

तिने खाली ठेवलेली लेखणी उचलली.

"मी रोज हे स्टूल आणून ठेवीन. जन्मभर लिही. तुझ्या वाटेला कोणाला फिरकू देणार नाही, माझ्या लेकीलाही नाही. एवढं एक माझं ऐक."

ही धमकी असती तर बरं झालं असतं. धमकीला कसं तोंड द्यायचं ते तिला येत होतं. सासूबाई मागत होत्या. आजारपणात पाणीसुद्धा न मागणारी बाई तिच्याकडे काहीतरी मागत होती, तेही दाराआडून. आणि बदल्यात देत होती ती जन्मभराची खोली. तिने तळहाताने दार हळूच ढकलून पाहिलं. ते हललं नाही.

"आई, मला पाणी हवंय."

"तेवढं संपव आधी. मग पाणी देते, जेवायला देते, सगळं देते," सासूबाई लाडाने म्हणाल्या.

तिने कोरा कागद ओढला. ओठ घट्ट मिटले आणि लिहायला लागली. बाई दारात उभी होती, दुपार होती, गल्लीत कोणी नव्हतं.

"ऐकू येत नाही," बाहेरून आवाज आला.

तिची लेखणी थांबली. दारावर पाठ टेकल्याचा, नीट बसून घेतल्याचा आवाज आला. सासूबाई वाट बघत होत्या.

"तिने चपला काढल्या," ती मोठ्याने म्हणाली. "भिंतीशी लावून ठेवल्या."

हात ते लिहीत नव्हता. हाताने बाईला उंबऱ्याबाहेर काढलं होतं.

"हं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि आत वळली. चुलीवर भांडं ठेवलं. सगळे परत यायची वेळ झाली होती."

कागदावर बाई गल्लीच्या टोकाला पोचली होती. मागून कोणीतरी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. पुढे काय लागतं हे तिला माहीत नव्हतं, कारण ती इथवर कधी आलीच नव्हती. ऊन होतं, धूळ होती आणि तिला तहान लागली होती. तोंड एकीकडे आणि हात दुसरीकडे असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. ती सासूबाईंना फसवत होती आणि तिला त्याची लाज वाटत होती. अंक आला की न्हावी तो दुकानात मोठ्याने वाचणार, शिंपीणबाई ऐकून तडक इथे येणार, आणि मग हे स्टूल उचललं जाणार ते कायमचंच. या खोलीत लिहिलेली ही शेवटचीच पानं असतील हे तिला स्पष्ट दिसत होतं. तरी हात थांबला नाही. उलट तो कधी नव्हे एवढा चांगला चालला होता.

"मुलं आली, नवरा आला, सगळे जेवले," ती म्हणाली. "मग तिने दिवा लावला. संपलं."

बाहेर सुरीचा आवाज नव्हता. कसलाच नव्हता. सासूबाई रडतायत की काय, म्हणून तिने दाराला कान लावला.

"एवढंच?" सासूबाईंनी विचारलं.

त्या आवाजात राग नव्हता. फिरायला नेतो म्हणून कपडे घालून निघावं आणि कोपऱ्यावरूनच परत आणावं, तेव्हा लहान मूल विचारतं तसं त्यांनी विचारलं.

"दिवा लावला आणि झालं?"

"तुम्हीच म्हणालात ना, आई."

"म्हटलं खरं." स्टूल करकरलं. "वाटलं होतं, ऐकून बरं वाटेल."

ती टेबलाशी परत आली. कागदावरची शाई अजून ओली होती. तो दुमडून ठेवून 'झालं' म्हणायचं, एवढंच करायचं होतं. निदान अंक येईपर्यंत सगळं सुखरूप राहिलं असतं. तिने कागद दोन्ही हातांनी उचलला.

"आई," ती म्हणाली, "ते खरं नाही. खरं असं आहे."

आणि तिने वाचायला सुरुवात केली. चपला घातलेल्या बाईपासून, उंबऱ्यावरून, रिकाम्या गल्लीतून, हाकेवरून, टोकापर्यंत आणि टोकाच्या पुढे. वाचताना तिला मान वर करायचा धीर झाला नाही. मध्ये कुठेतरी फरशीवर स्टूल घासल्याचा आवाज आला. ती वाचत राहिली. शेवटची ओळ वाचून झाली तेव्हा बाहेरून कोणी 'हं' म्हणालं नाही.

"आई?"

तिने दार ढकललं. ते सहज उघडलं, इतकं सहज की तिचा तोल गेला. स्टूल भिंतीपाशी सरकवलेलं होतं. त्यावर सुरी होती आणि अर्धा सोललेला बटाटा. मागचं दार सताड उघडं होतं आणि ऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर पार चुलीपर्यंत आलं होतं. ती दारापर्यंत गेली. गल्लीत कोणी नव्हतं.

कोपऱ्यापर्यंत गेल्या असतील, तिने स्वतःला सांगितलं. या वयात कुठे जाणार? त्या परत आल्या तर तिने लिहिलेलं खोटं पडणार होतं, आणि नाही आल्या तर खोली गेलीच होती. यांतलं आपल्याला काय हवंय ते तिला ठरवता येईना. ती तशीच उभी राहिली, हातात कागद घेऊन.

आतून पोर रडायला लागलं.

"वहिनी," नणंदेने हाक मारली, "आई कुठे गेली गं? आणि संध्याकाळच्या जेवणाचं काय?"

"येतील एवढ्यात," ती म्हणाली. तिने कागद सकाळी छापखान्यात जायला नवऱ्याच्या टोपीच्या खुंटीला टोचून ठेवला, परत येऊन स्टुलावर बसली आणि अर्धा राहिलेला बटाटा उचलला.